पहिली रेकॉर्ड कोणती घ्यावी? ब्रॉन्क्सच्या पोरांचा इतिहास आणि आपला डीजे

जयंती होऊन आठ-दहा दिवस झाले असतील. मिरवणुकीतल्या डीजेवरून आमच्या वस्तीत नेहमीप्रमाणे दोन तट पडले होते. ज्येष्ठ मंडळी म्हणत होती, हा धांगडधिंगा बंद करा, जयंती वैचारिक पद्धतीने करा. पोरे म्हणत होती, वर्षातली एक रात्र आमची असते, तीही तुम्हाला बघवत नाही. या वादात माझ्याशी तावातावाने भांडलेला एक मुलगा एका संध्याकाळी घरी आला.

"जयभीम दादा. भांडायला नाही आलो. मी आणि मित्राने मिळून दोन जुने टर्नटेबल घेतलेत. शिकायचंय. लॅपटॉपवरचं नाही, तबकड्यांवरचं. पहिल्या कोणत्या रेकॉर्ड घेऊ तेवढं सांगा. नेटवर याद्या आहेत, पण एकेक रेकॉर्ड तीन-तीन हजाराला आहे."

मी काही डीजे नाही. पण काळ्या अमेरिकेच्या चळवळीचा आणि संगीताचा इतिहास गेली काही वर्षे वाचतो आहे, हे त्याला माहीत होते. त्याला तेव्हा अर्धवट उत्तर दिले. पूर्ण उत्तर इथे लिहितो, कारण हा प्रश्न एकट्या त्याचा नाही. पहिली रेकॉर्ड कोणती, हा प्रश्न पन्नास वर्षांपूर्वी न्यूयॉर्कच्या सगळ्यांत दरिद्री भागातल्या काही पोरांनी स्वतःला विचारला होता. त्यांनी दिलेल्या उत्तरातून जगातले आजचे सगळ्यात मोठे संगीत उभे राहिले.

आधी शब्दाचे पाहू. आपल्याकडे 'डीजे' म्हणजे ट्रकवर रचलेली बॉक्सची भिंत. डीजे भाड्याने मिळतो, डीजे फुटतो, डीजेवर पोलीस कारवाई करतात. या सगळ्यात माणूस कुठे आहे? डीजे म्हणजे डिस्क जॉकी. डिस्क म्हणजे तबकडी, आणि जॉकी म्हणजे तिच्यावर स्वार होणारा. जमैका बेटावर तर याहून नेमका शब्द आहे. तिथे माईकवर बोलणाऱ्याला डीजे म्हणतात आणि तबकडी लावणाऱ्याला 'सिलेक्टर', म्हणजे निवडणारा. माझ्या मते आपल्या दोन्ही तटांची चूक इथेच होते. आवाज किती असावा यावर आपण वर्षानुवर्षे भांडतो. त्या भिंतीतून काय वाजावे हे कोण ठरवतो, यावर कोणीच बोलत नाही.

जमैकाचे नाव आले आहे, तर सुरुवात तिथूनच करावी लागेल. १९५० च्या दशकात किंग्स्टन शहरात बँड लावून नाचायचे तर हॉटेलात किंवा क्लबात जावे लागे, आणि ते गोऱ्यांना व सधनांना परवडे. गरीब काळ्या वस्त्यांनी त्यावर स्वतःचा मार्ग काढला: मोकळ्या अंगणात मोठाले लाकडी स्पीकर, एक अँप्लिफायर, एक टर्नटेबल आणि अमेरिकेतून आणलेल्या तबकड्या. याला 'साउंड सिस्टिम' म्हणत. डॉड ऊर्फ कॉक्सन आणि ड्यूक रीड हे त्यातले दोन मोठे मालक. कॉक्सन तरुणपणी हंगामी शेतमजूर म्हणून अमेरिकेत गेला होता. आपला ऊसतोड कामगार जसा हंगामाला बाहेर पडतो तसाच. तिथे त्याने काळ्यांचे रिदम अँड ब्लूज ऐकले आणि येताना तबकड्या आणल्या.

आता या धंद्यातली गंमत पाहा. जी तबकडी दुसऱ्या कोणाकडे नाही, ती ज्याच्याकडे त्याच्या अंगणात गर्दी. म्हणून हे लोक तबकडीच्या मधोमध असलेले लेबल खरवडून काढत. गायक कोण, कंपनी कोणती, काहीच कळू द्यायचे नाही. विलिस जॅक्सन या अमेरिकन सॅक्सोफोनवादकाची 'लेटर फॉर द गेटर' ही धून कॉक्सनने 'कॉक्सन हॉप' असे स्वतःचे नाव देऊन वाजवली. ती त्याच्या साउंडची ओळखच बनली. ड्यूक रीडला ती मूळ तबकडी शोधून काढायला फार काळ लागला. अखेर सापडली तेव्हा त्याने ती भर कार्यक्रमात कॉक्सनसमोरच वाजवली.

आमच्यातला एखादा लगेच म्हणेल, ज्ञान लपवणे ही तर ब्राह्मणी वृत्ती झाली. हा आक्षेप मी मनात घोळवून पाहिला आहे. ज्याच्या हाती सत्ता, जमीन, शाळा सगळे आहे त्याने ज्ञानाला कुलूप घालणे, आणि ज्याच्या हाती दहा तबकड्यांखेरीज काहीच नाही त्याने बाजारात टिकण्यासाठी त्यांची नावे झाकणे, या दोन्ही गोष्टी एका तराजूत घालता येत नाहीत. पण लपवण्याची सवय लागली की ती सुटत नाही, हेही खरे. त्याकडे पुढे येतोच.

किंग्स्टनमध्येच १६ एप्रिल १९५५ रोजी क्लाइव्ह कॅम्बेल जन्मला. त्याच्या लहानपणी ही अंगणे त्याने पाहिली होती. १९६७ मध्ये बारा वर्षांचा असताना तो न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात आला. तिथल्या शाळेत आडदांड बांध्यामुळे पोरांनी त्याला हर्क्युलीस म्हणायला सुरुवात केली आणि त्याचे झाले 'कूल हर्क'.

ब्रॉन्क्स म्हणजे काय हे आपल्या वाचकाला समजायला जड जाणार नाही. बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात ज्या कोलंबिया विद्यापीठात शिकले, ते हार्लेमला लागून आहे. तिथून हार्लेम नदी ओलांडली की काही मैलांत ब्रॉन्क्सचा हा भाग लागतो. १९३० च्या दशकात अमेरिकेच्या सरकारी संस्थेने शहरांचे नकाशे काढले आणि काळे लोक राहत असलेल्या वस्त्यांवर लाल रंग फासला. लाल म्हणजे इथे घरासाठी कर्ज देऊ नका. गावकूस दगडाचेच असते असे नाही, ते नकाशावरही बांधता येते. त्यानंतर रॉबर्ट मोझेस या बड्या अधिकाऱ्याने भर वस्तीतून क्रॉस ब्रॉन्क्स एक्स्प्रेसवे काढला. हजारो कुटुंबे उठली. ज्यांना जमले ते उपनगरांत गेले, उरले ते काळे आणि पोर्तो रिकन गरीब. १९७० च्या दशकात घरमालकांना इमारत दुरुस्त करण्यापेक्षा जाळून विम्याचे पैसे घेणे फायद्याचे वाटू लागले. महापालिकेने त्याच काळात तिथली अग्निशमन केंद्रे बंद केली. वर दोष कोणाला? भाडेकरूंना. हे लोक राहतातच असे, म्हणे. १९७५ च्या आर्थिक संकटात शाळांमधले संगीताचे वर्गही कापले गेले. ज्या पोराच्या हाती शाळेने ट्रम्पेट दिला असता, त्याच्या हाती आता काहीच नव्हते. घरातल्या तबकड्या मात्र होत्या.

आता पहिल्या रेकॉर्डची गोष्ट. हर्कचे वडील कीथ कॅम्बेल तबकड्यांचे शौकीन होते आणि एका स्थानिक बँडचा साउंड सांभाळत. त्यासाठी त्यांनी शूअर कंपनीची पीए सिस्टिम घेतली होती. पोराला हात लावायची बंदी. वडील घरी नसताना पोराने वायरी उलटसुलट जोडून पाहिल्या आणि वडिलांपेक्षा दुप्पट आवाज काढून दाखवला. मग वडिलांनी ओरडण्याऐवजी सौदा केला: बँडच्या मध्यंतरात तू तबकड्या लाव, आणि सिस्टिम तुझ्या कार्यक्रमांना वापर. म्हणजे हर्कने पहिल्या रेकॉर्ड दुकानातून आणल्या नाहीत. यंत्रही घरातले, कानही घरातला.

११ ऑगस्ट १९७३. पत्ता १५२०, सेजविक अव्हेन्यू. इमारतीच्या तळमजल्यावरची सामाईक खोली. आज या रात्रीला हिपहॉपचा जन्मदिवस मानतात आणि कूल हर्कला जनक. पण ही पार्टी ठरवली कोणी? त्याची बहीण सिंडी हिने. शाळा उघडायच्या आधी नवे कपडे घ्यायला पैसे हवे होते म्हणून तिने खोली भाड्याने घेतली, हाताने निमंत्रणाची कार्डे लिहिली, मुलींना २५ सेंट आणि मुलांना ५० सेंट असे तिकीट लावले आणि भावाला तबकड्यांपाशी उभे केले. चळवळीचा इतिहास लिहिताना सिंडीसारख्यांची नावे कशी गळतात, हे मी आंबेडकरी वाचकांना नव्याने सांगायला नको.

त्या खोलीत हर्कने आधी जमैकन तबकड्या लावल्या. त्याला त्या प्रिय होत्या. समोरची पोरे हलेनात. त्याने मुकाट्याने त्या बाजूला ठेवल्या आणि फंक लावले. डीजे होऊ पाहणाऱ्याने हा प्रसंग दोनदा वाचावा. स्वतःची आवड एका क्षणात बाजूला ठेवता येणे आणि समोरच्याचा हात धरून त्याला पुढे नेणे, ही दोन्ही कामे एकाच माणसाची आहेत.

पुढच्या पार्ट्यांत त्याने आणखी एक गोष्ट हेरली. गाणे चालू असताना काही नाचणारे नुसते उभे राहतात. ते वाट पाहतात. गाण्यात एक जागा येते, जिथे गायक थांबतो, बाकीची वाद्ये थांबतात आणि फक्त ढोल आणि बेस उरतो. तो तुकडा आला की हीच पोरे मैदानात उडी घेतात. या जागेला 'ब्रेक' म्हणतात. पण तो असतो कितीसा? दहा सेकंद, पंधरा सेकंद. हर्कने ठरवले की बाकीचे गाणे गेले तरी चालेल. एका तबकडीवरचा ब्रेक संपला की दुसऱ्या टर्नटेबलवरच्या तबकडीचा ब्रेक. याला त्याने नाव दिले 'मेरी-गो-राउंड', म्हणजे जत्रेतले गोल फिरणारे घोडे. जेम्स ब्राउनच्या १९७० च्या 'सेक्स मशीन' अल्बमवरचे 'गिव्ह इट अप ऑर टर्न इट अ लूज', तिथून इन्क्रेडिबल बाँगो बँडचे 'बाँगो रॉक', तिथून बेब रूथ या बँडचे 'द मेक्सिकन'.

या यादीची जात तपासू या का? जेम्स ब्राउन हा काळ्या स्वाभिमानाचा आवाज, ते ठीक. पण बेब रूथ हा इंग्लंडमधल्या गोऱ्यांचा रॉक बँड. आणि इन्क्रेडिबल बाँगो बँड हा तर खरा बँडही नव्हता. मायकेल व्हायनर या रेकॉर्ड कंपनीतल्या गोऱ्या अधिकाऱ्याने स्टुडिओतले भाड्याचे वादक जमवून तो केला होता. त्यांच्या १९७३ च्या अल्बमवर 'अपाची' नावाची धून आहे. पुढे हिपहॉपचे राष्ट्रगीत म्हणून ती मिरवली. तिचा संगीतकार जेरी लॉर्डन हा इंग्रज. १९६० मध्ये ती शॅडोज या इंग्रज बँडने गाजवली. नाव अमेरिकेतल्या मूळनिवासी जमातीचे, तेही सिनेमातून उचललेले. आणि या नव्या तबकडीवर बाँगो वाजवणारा किंग एरिसन बहामा बेटांवरचा काळा माणूस. अल्बम बाजारात फारसा चालला नाही. कंपनीच्या हिशेबी ती मेलेली तबकडी होती. ब्रॉन्क्सच्या पोरांनी ती उचलली ती तिच्यातल्या लांबलचक ढोलाच्या तुकड्यासाठी.

आपल्यातही काही शुद्धतावादी निघाले आहेत. अमुक वाद्य आपले, तमुक परके, अमुक गाणे चळवळीचे, तमुक बाजारू. त्यांना मी एवढेच म्हणेन की शुद्धता हा आपला शब्दच नाही. तो ज्यांचा आहे त्यांना लखलाभ. ब्रॉन्क्सच्या पोराने तबकडीचे कूळ विचारले नाही. तिचा कोणता तुकडा माझ्या माणसांना नाचवतो, एवढे विचारले. आणि ज्यांनी ती बनवली त्यांना स्वप्नातही आला नसता असा अर्थ त्याने तिच्यातून काढला. ही मालकी कागदावरची नव्हती, पण तिला मालकीच म्हणावे लागेल.

हर्ककडे तबकड्यांची पारख होती, सफाई मात्र कमी होती. सुई अंदाजाने टेकवायची, ठेका कधी जुळे कधी तुटे. हे ज्याला खटकले तो मुलगा जोसेफ सॅडलर, पुढचा ग्रँडमास्टर फ्लॅश. जन्म बार्बाडोस बेटावरचा, १९५८ चा. याच्याही घरी वडिलांचे तबकड्यांचे कपाट होते आणि त्याला हात लावला की मार पडे. तो मार खाऊनही हात लावत राहिला. सॅम्युएल गोम्पर्स या तांत्रिक शाळेत इलेक्ट्रॉनिक्स शिकला, उकिरड्यावर आणि टाकून दिलेल्या गाड्यांत भाग शोधले. आपल्या पोरांनी भंगारातून अँप्लिफायर जोडलेले मी पाहिले आहेत, त्यामुळे हा मला परका वाटत नाही.

फ्लॅशने शोधलेली गोष्ट सांगायला सोपी आहे: एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती घ्या. एकीवर ब्रेक वाजत असताना दुसरी हाताने उलटी फिरवून त्याच ब्रेकच्या सुरुवातीला आणा. पहिली संपली की दुसरी सोडा. दहा सेकंदांचा तुकडा दहा मिनिटे चालतो. जागा चुकू नये म्हणून त्याने तबकडीवर क्रेयॉनने खूण केली आणि ती घड्याळाच्या काट्यासारखी मोजली. खाली रबरी चटई असेल तर तबकडी हाताने नीट सरकत नाही, म्हणून आईच्या कपड्यांची खळ फवारून कडक केलेला फेल्टचा गोल तुकडा खाली घातला. आज दुकानात 'स्लिपमॅट' म्हणून मिळतो तो हाच. दुसरी तबकडी लोकांना ऐकू जाण्याआधी आपल्या कानात ऐकता यावी, ही सोय त्याने पीट डीजे जोन्स या वयाने मोठ्या डीजेच्या यंत्रात पाहिली आणि स्वतःच्या मिक्सरला बटण लावून जोडून घेतली.

ही विद्या पहिल्यांदा लोकांपुढे केली तेव्हा लोक नाचले नाहीत. नुसते बघत उभे राहिले. फ्लॅश सांगतो की त्या रात्री तो रडला. मग त्याने माईकवर माणूस उभा केला, आणि तिथून रॅपचा रस्ता फुटला.

नवशिक्याला यातून माझे सांगणे असे. दहा वेगवेगळ्या रेकॉर्ड घेण्यापेक्षा पाच घे, पण प्रत्येकी दोन. नेटवरची यादी तुला 'महान' अल्बम सांगते, त्यात ढोलाचा मोकळा तुकडा आहे की नाही हे सांगत नाही. तबकडी उजेडात तिरकी धरून पाहा. जिथे वाद्यांची गर्दी कमी, तिथे खाचांचा रंग वेगळा, जरा गडद दिसतो. जुने डीजे असेच ब्रेक डोळ्यांनी वाचायचे. आणि जमले तर बारा इंची सिंगल घे. मोठ्या तबकडीवर एकच गाणे असले की खाचा रुंद बसतात, आवाज भरदार येतो आणि सुई नेमकी टेकवता येते. बाजारात विकायला आलेली अशी पहिली सिंगल १९७६ ची, डबल एक्स्पोजरची 'टेन पर्सेंट'. ती डिस्कोची आहे, म्हणून नाक मुरडू नकोस.

डिस्कोवर नाक मुरडणाऱ्यांनी काय केले, तेही या इतिहासात येते. १२ जुलै १९७९ रोजी शिकागोच्या कोमिस्की पार्क मैदानात बेसबॉलच्या दोन सामन्यांच्या मध्ये स्टीव्ह डाल या रेडिओ निवेदकाने डिस्कोच्या तबकड्यांचा ढीग स्फोटाने उडवला. डिस्को हे काळ्यांचे, लॅटिनोंचे आणि समलिंगी लोकांचे संगीत होते. तबकडी आणणाऱ्याला ९८ सेंटमध्ये प्रवेश होता. सुमारे ५०,००० लोक जमले. गर्दी मैदानात घुसली आणि दुसरा सामना यजमान संघाला सोडून द्यावा लागला. त्या दिवशी प्रवेशदारी काम करणारा व्हिन्स लॉरेन्स नावाचा काळा मुलगा होता. लोक जाळायला आणत होते त्यात डिस्को नसलेल्या, निव्वळ काळ्या गायकांच्या तबकड्याही होत्या, हे त्याने पाहिले आणि पुढे जगाला सांगितले. तबकडी निवडणारे दोन प्रकारचे असतात तर. एक वाजवण्यासाठी निवडतो, दुसरा जाळण्यासाठी. हाच लॉरेन्स १९८४ मध्ये जेसी सॉन्डर्सबरोबर 'ऑन अँड ऑन' या गाण्याचा सहलेखक झाला, आणि तबकडीवर आलेल्या पहिल्या हाउस संगीतात त्या गाण्याची गणना होते.

ब्रॉन्क्सबद्दल आणखी एक नाव टाळता येत नाही: आफ्रिका बंबाटा. 'मास्टर ऑफ रेकॉर्ड्स' ही त्याची पदवी. क्राफ्टवर्क या जर्मन बँडची यांत्रिक धून त्याने काळ्या वस्तीत वाजवली आणि १९८२ मध्ये तिच्यावरून 'प्लॅनेट रॉक' केले. टोळीतून बाहेर काढून पोरांना संगीताकडे वळवल्याचे श्रेय त्याला मिळत आले. २०१६ पासून मात्र अनेक पुरुषांनी पुढे येऊन, आम्ही लहान असताना त्याने आमचे लैंगिक शोषण केले, असे आरोप केले. त्याने ते नाकारले. बऱ्याच लेखांत आजही हा भाग गाळतात, जनकाला डाग नको म्हणून. २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात बाबासाहेबांनी राजकारणातील भक्तीबद्दल जो इशारा दिला, तो संगीतालाही लागू आहे असे मी मानतो. त्याच्या तबकड्यांची निवड अभ्यासावी आणि आरोप करणाऱ्यांचे म्हणणेही त्याच पानावर लिहावे.

आता लपवण्याच्या सवयीकडे परत. हर्कच्या वडिलांनी त्याला जमैकाची युक्ती सांगितली होती: लेबले पाण्यात भिजवून काढून टाक. फ्लॅश आणि इतरांनीही तेच केले. पोरे ४२ व्या रस्त्याच्या भुयारी स्टेशनातल्या डाउनस्टेअर्स रेकॉर्ड्स या दुकानात जाऊन काउंटरवर नुसता ठेका तोंडाने काढून दाखवायची आणि दुकानदार तबकडी ओळखून द्यायचा. मग १९८६ मध्ये लेनी रॉबर्ट्स आणि लू फ्लोरेस यांनी 'अल्टिमेट ब्रेक्स अँड बीट्स' ही मालिका काढली. दुर्मिळ ब्रेक असलेली गाणी एकत्र करून तबकड्या स्वस्तात खुल्या केल्या. १९९१ पर्यंत २५ भाग निघाले. ज्यांनी वर्षानुवर्षे लेबले भिजवली त्या सगळ्यांना हे रुचले नसणार. पण ज्याच्या घरी वडिलांचे कपाट नव्हते त्यालाही आता दार उघडले. लपवणे हे जगण्यापुरते ठीक होते. खुले करणे हे चळवळीचे काम होते, आणि ते एका संग्राहकाने आणि एका डीजेने केले.

पण या मालिकेनेही एक प्रश्न सोडवला नाही. तिच्या पहिल्याच भागात विन्स्टन्स या बँडचे १९६९ चे 'आमेन ब्रदर' आहे. त्यातला ग्रेगरी कोलमनचा ढोलाचा तुकडा जेमतेम सात सेकंदांचा. पुढे हजारो गाण्यांत तो कापून वापरला गेला, इंग्लंडात जंगल नावाचा अख्खा संगीतप्रकार त्यावर उभा राहिला. कोलमनला त्याचा एक पैसा मिळाला नाही, आणि २००६ मध्ये तो बेघर अवस्थेत वारला. बँडप्रमुख रिचर्ड स्पेन्सरलाही रॉयल्टी मिळाली नाही. २०१५ मध्ये चाहत्यांनी वर्गणी करून त्याला सुमारे २४,००० पौंड दिले. जेम्स ब्राउनच्या 'फंकी ड्रमर'मधला ठेका क्लाइड स्टबलफील्डचा. लेबलवर नाव ब्राउनचे, मालकी ब्राउनची. पब्लिक एनिमीने 'फाइट द पॉवर'मध्ये तो वापरला, जगाने वापरला, आणि स्टबलफील्ड २०१७ मध्ये गेला तेव्हाही रॉयल्टीच्या हिशेबात त्याचे नाव नव्हते. श्रम एकाचे आणि सही दुसऱ्याची, हे गणित आपल्याला कोणी शिकवायला नको. पण आपल्या घरातल्या भीमगीतांच्या कॅसेट उलटून पाहा. गायकाचा फोटो मोठा, कंपनीचे नाव ठळक. ढोलकी कोणी वाजवली? माझ्याकडच्या बऱ्याच कॅसेटवर ते नावच नाही. आपणही विचारले नाही.

म्हणून त्या मुलाला मी जे अर्धवट सांगितले होते ते असे. पहिली रेकॉर्ड घरात शोध. कपाटावर, माळ्यावर, आत्याच्या पेटीत. आपल्याकडे तबकड्या कमी, कॅसेट जास्त, हे मान्य. तरी भीमगीतांच्या लहान तबकड्या निघाल्या होत्या आणि चोरबाजारात किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात रद्दीच्या भावात कधीकधी हाती लागतात. ओरखडे असतील, सुई उड्या मारेल. वामनदादा कर्डकांचे शब्द आणि प्रल्हाद शिंदेंचा आवाज आपण इतक्या वेळा ऐकला आहे की दोन कडव्यांच्या मध्ये ढोलकी जे बोलते ते ऐकायचेच राहून गेले. तो मोकळा तुकडा किती सेकंदांचा आहे ते मोज. मग हर्कसारखी तुझी आवड बाजूला ठेव आणि समोर कोण उभे आहे ते बघ. नेटवरच्या यादीतली जेम्स ब्राउनची एक तबकडी नक्की घे, पण तिच्याशेजारी ठेवायला दुसरी तुझ्या घरची असू दे.

तो म्हणाला, "आणि डीजेच्या भिंतीचं काय? ज्येष्ठांचं बरोबर की आमचं?"

मी म्हणालो, आवाज कमीच कर, म्हातारी माणसे आणि तान्ही पोरे आपल्याच वस्तीत राहतात. पण भाड्याच्या माणसाने पेनड्राइव्हमधून काहीही सोडावे आणि आपण त्यावर नाचावे, याला मी तुमची रात्र म्हणायला तयार नाही.

त्यावर तो चिडून गेला. तीन आठवड्यांनी परत आला तो आजीला घेऊन. हातात एक लहान तबकडी होती, कोणत्या तरी नातेवाइकाच्या ट्रंकेतून काढलेली. लेबल ओलीने कुजून गेले होते, एक अक्षर वाचता येत नव्हते. त्याने सुई टेकवली. खरखर झाली, मग ढोलकी सुरू झाली, आणि गाणारा तोंड उघडायच्या आधीच आजीने सांगितले की हे कोणते गाणे आहे, कोणत्या साली त्यांच्या चाळीत लावले होते, आणि त्या ढोलकीवाल्याला लोक काय नावाने हाक मारत. मुलाने खिशातून पेन काढले आणि कोऱ्या पाकिटावर ते नाव लिहून घेतले. आता त्याला याच तबकडीची दुसरी प्रत हवी आहे. कोणाच्या घरी असेल तर कळवा.